राजाला विचारलेला जाब

मास्तर, तुम्ही असता तर या कागदावर पहिल्याच ओळीत लाल शाईनं दोन चुका काढल्या असत्या. आता काढा म्हणावं! रागानं लिहायला बसलोय, आणि राग तुमच्यावर आहे की माझ्यावर, हेच अजून कळत नाही.

इंदापूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात. त्याआधी पलटणीत जमादार होतात, एका तुकडीवर हुकूम चालायचा तुमचा. महायुद्धात इटलीत पाय अधू झाला, तेव्हापासून हातात काठी आली. माझे वडील तुमच्याच तुकडीत होते, ते तिकडंच राहिले. दर दिवाळीला तुम्ही आमच्या घरी यायचात, "वहिनी, बरं हाय न्हवं?" म्हणायचात, आई चहा टाकायची. "लढता लढता गेला, त्याला काय कळलंसुदिक न्हाय," हे तुमचं ठरलेलं वाक्य. आई त्या एका वाक्यावर जगत होती.

मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही त्या इंग्रज राजाचं नाटक शिकवायला घेतलंत. अहाहा, काय शिकवायचात! समुद्रापलीकडं लढायला गेलेला तरुण राजा, त्याचं दमलेलं, उपाशी सैन्य, आणि लढाईआधी तो त्यांच्यापुढं करतो ते भाषण. ते सुरू झालं की मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा ताठ बसायची. मग गॅदरिंगला तेच मराठीत बसवायचं ठरलं. राजा होणारा पोरगा ऐन वेळी गोवरानं अंथरुणाला खिळला आणि राजा तुम्हीच झालात. मी तुमचा शिपाई. वालचंदनगरहून आणलेल्या पत्र्याची तलवार घेऊन तुमच्या डाव्या हाताला उभा.

दुपारचं ऊन आहे, पटांगण गच्च भरलंय. तुमचं भाषण संपतं आणि लोक नुसते पेटतात. आपल्याकडची रीतच ती. काम आवडलं की माणूस सरळ रंगमंचावर चढणार, बक्षीस देणार, आणि नाटक तोवर थांबणार. कुणी टॉवेल देतं, कुणी नारळ. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई उठते. मला वाटतं, वा रे वा, आपली आई! तुम्ही हसून हात पुढं करता. तिच्या हातात काहीच नसतं.

"मास्तर, असंच बोलून न्हेलं हुतं का मालकास्नी?"

"वहिनी, नाटक हाय हे."

"ते कळतंय मला, येडी न्हाय मी. तुमी बोलताना माझ्या बी अंगावर काटा आला, म्हणून इचारते. कसं गेलं मालक? खरं सांगा."

तुम्ही पुठ्ठ्याचा मुकुट काढलात.

"मशीनगन मागं राहिली हुती. ती आणाय मीच धाडलं त्याला माघारी. गरज नव्हती, वहिनी. साहेबापुढं मान खाली घालायची नव्हती मला, बस्स. आन् तो लगेच न्हाय गेला. दिवस मावळंस्तवर वरडत हुता. आमाला जवळ जाता आलं न्हाय."

"मालक नको म्हणलं न्हाईत?"

"न्हाय. हसला. आणतो म्हणला."

"तुमचा शबुद ते कधी मोडायचं न्हाईत. तुमाला ठावं हुतं. म्हणून त्यास्नीच धाडलं."

"व्हय," तुम्ही म्हणालात.

नाटक पुढं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात येऊन पुढचा अंक उघडलात, पण आवाजात काही उरलं नव्हतं. दिवाळीला आलाही नाहीत. पुढं तुम्ही गेल्याची बातमी कळली त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. आता तीही नाही.

मी मात्र पोराबाळांना शहाणपण शिकवत असतो, कुणाच्या भाषणाला भुलू नका म्हणून. बोलायला काय जातंय! हा कागदही मी घडी घालून ट्रंकेत टाकणार, तुमच्या पत्त्यावर टपाल थोडंच जातं. म्हणून एवढं लिहून टाकतो. त्या दुपारी सगळं ऐकून झालं होतं, आई पायऱ्या उतरत होती, आणि मी तलवार घट्ट धरून तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही तेव्हा "चल" म्हणाला असतात, तर मी निघालो असतो, मास्तर. आजही निघेन.