बॅटरीचे शोषण

४ मार्च, सकाळ
हे होते तेव्हाची एक सकाळ आठवली. चादरी पिळून मी गच्चीवर नेल्या होत्या. त्या सकाळी विशेष काही नव्हते. चहा झाला, भांडी झाली, हे ओल्या फडक्याने सोलर पॅनेल पुसत होते. मी दोरीवर चादर टाकली तोच हे ओरडले, अगं सावली, सावली काढ! इतक्या जोरात, की समोरच्या बाईंनी घाबरून आपली छत्री मिटली.
यांना जाऊन आठ महिने झाले. पॅनेल आता मी पुसते. लाईट गेली तरी माझे वाचन थांबू नये म्हणून यांनी हे सगळे बसवले: गच्चीवर पॅनेल, जिन्याखाली बॅटरी आणि मधे भिंतीवर कंट्रोलर नावाची डबी. काल वाचायचा दिवा साडेसातलाच गेला. लेकीला फोनवर सांगायला नको होते. म्हणाली, आई, मी वीस तारखेला येते. तोवर दिवा नीट झाला नाही तर सगळे भंगारात. तुला एकटीला झेपायचे नाही.
मी म्हटले, बघच.
संकल्प: कुणाची मदत न घेता दुरुस्ती.

५ मार्च
कंट्रोलरचे पुस्तक सापडले. इंग्रजी. शाळा सातवीत सुटली, पण डिक्शनरीपुढे कुठलीच भाषा टिकत नाही. बॅटरी तीन पायऱ्यांत भरते. पहिली बल्क, म्हणजे ढीग. दुसरी ॲब्सॉर्प्शन. डिक्शनरीत अर्थ: शोषण. तिसरी फ्लोट: तरंगणे.
सगळा उलगडा झाला. आधी ढीग गोळा करायचा, मग बॅटरीचे शोषण, मग स्वतः तरंगत बसायचे. दिवा कसा लागणार?

७ मार्च, सकाळी दहा
डबीवर पाळत ठेवली. नऊला पाच अँपिअर. साडेनऊला शोषण सुरू, आकडा घसरला. दहाला तरंगणे. अर्धा अँपिअर! बाहेर ऊन मी म्हणते आहे आणि साहेब हात आखडून बसलेत.
जाऊबाईंनी खालून विचारले, काय गं, भिंतीशी बोलतेस? म्हटले, भिंतीशी नाही, चोराशी. म्हणाल्या, मग पोलीस बोलाव, पण हळू आवाजात.

८ मार्च
वायरमनला बोलावले. (ही मदत नव्हे. दुसरे मत.) म्हणाला, काकू, कंट्रोलर ठणठणीत आहे. ऊन असेपर्यंत पॅनेल देतच सुटते आणि बॅटरीला नको म्हणता येत नाही. ती भरत आली की हा हळूहळू हात आवरतो, भरली की जेमतेम टिकेल एवढेच सोडतो. नाहीतर आतले पाणी उडून जाईल. पण तुमची लगेच भरते आणि लगेच संपते, म्हणजे आत आटली असणार. पाणी कधी घातलेत?
मी म्हटले, बॅटरी आहे, तुळशी नाही.
म्हणाला, डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा, मी येऊन घालतो. मी मनात म्हटले, पाणी ते पाणी. तो गेल्यावर नळाचे घातले. गाळून.

११ मार्च
पाणी घालूनही दिवा जेमतेम आठपर्यंत. म्हणजे शोषणच. पॅनेलच्या वायरी डबीतून काढल्या आणि थेट बॅटरीला जोडल्या. लालला लाल, काळीला काळी. यासाठी लोक पैसे घेतात.

१२ मार्च
काल दिवा पावणेनऊपर्यंत! कंट्रोलरला तोंडावर सांगितले. गप्प.

१५ मार्च
जिन्याखालून खदखद ऐकू येते. बॅटरी मन लावून काम करते आहे. थोडा वास. जाऊबाईंनी विचारले, अंडी नासली का गं? मी म्हटले, छे, सुधारणा चालू आहे.

१८ मार्च
दिवा सातला गेला. ढगांमुळे. (ढग नव्हते.)

१९ मार्च
दिवा लागलाच नाही. वाचन मुद्दामच बंद ठेवले आहे. डोळ्यांनाही सुट्टी हवी.

२० मार्च
लेक वायरमनला घेऊनच आली. त्याने बॅटरीची झाकणे उघडली, आत डोकावला. मग म्हणाला, काकू, ही गेली. शिजवलीत तुम्ही.
मी शोषणाचे सांगितले. त्याने खाली मान घातली, खांदे हलत होते. लेक म्हणाली, अगं आई, बॅटरी वीज शोषून घेते! तिचे कोण कशाला शोषण करेल?
मग ती कंट्रोलरचे पुस्तक चाळत शेवटच्या पानापर्यंत गेली आणि तिने ते माझ्या हातात दिले. यांचे अक्षर. ‘पाणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. डिस्टिल्डच. हिला सांगायचे नाही, ही नळाचे भरेल. वर म्हणेल, गाळून भरले.’
आठ महिन्यांनी यांचे नवीन काही वाचायला मिळाले, ते हे.
हातात घेतलेले पुस्तक मी शेवटपर्यंत वाचते, असे सगळ्यांना सांगत आले. हे नवव्या पानावर सोडले होते, कारण मला समजले होते.
रोज दहाच्या ठोक्याला हे दिवा मालवायचे. पुरे आता, पुस्तक उद्याही आहे, म्हणायचे. मी भांडायचे.
भंगाराचे लेक काही बोलली नाही. जाताना एवढेच म्हणाली, नवी बॅटरी घेऊ, पण त्या डबीला हात लावशील तर बघ.

२१ मार्च
वायरमनने नवी बॅटरी बसवून वायरी पुन्हा डबीला जोडल्या. मी दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली. पॅनेल पुसले. चादरी पलीकडच्या दोरीवर वाळत घातल्या.