रस्त्याकडची कोयनेल

२३ मे ९३
जेवताना यांनी एकदम जाहीर केलं, पुढच्या बाजूला कुंपण लावायचं. काटेरी तार आहे की, म्हटलं. तार नव्हे, झाडांचं. दाट. धूळ फार येते म्हणे. धूळ! घर बांधल्यापासून रस्ता तिथेच आहे, ट्रक तेवढेच, आणि फडकं माझ्या हातात. यांना आजवर कधी दिसली नव्हती.

२५ मे
धूळ नव्हेच. कंपनीची बस. सकाळी घरावरून जाते ती. यांनी एप्रिलात कंपनी सोडली (स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं, स्वेच्छा कुणाची ते विचारायचं नाही). पण ड्रायव्हर जुना, सवयीने अजून आमच्या फाटकापाशी गाडी हळू करतो. खिडक्यांत सगळी ओळखीची तोंडं. हे व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेले. आजपासून पेपर आतल्या खोलीत.

३० मे
झाडांची चर्चा. मी जास्वंद म्हटलं. "म्हणजे रोज सकाळी पूजेची फुलं तोडायला निम्मं पनवेल फाटकावर." बरं, अडुळसा. शेळ्या तोंड लावत नाहीत. "आणि खोकला झालेले सगळे पानं मागायला." खरंच की. मी सुचवते त्या प्रत्येक झाडापायी कोणी ना कोणी दारात येणार. आणि यांची झाडं कोणती, तर काटेरी घायपात आणि चिकाचा शेर. मी मुद्दाम करत नव्हते. आता करीन.

४ जून
बेबीबाई भाजी घेऊन नेऱ्याहून आली, पाणी प्यायला पायरीवर टेकली. शेर लावणार ऐकून हातच जोडले. "नको गो बाय, चीक डोल्यात उडला त डोला जाईल." शेर बाद, बेबीबाईच्या कृपेने. मग जाता जाता, चांगल्या मोठ्या आवाजात, "सायेब रोजच घरी हाय? आजारी हाय का?" रजेवर आहेत, म्हटलं. आत आले तर हे मधल्या खोलीत नुसते उभे. हातात काही नाही, कुठे निघालेले नाहीत. मी मेथी निवडायला घेतली. दोनदा धुतली.

११ जून
उद्यापासून शाळा. दुपारचं अधिवेशन. दुपारभर हे एकटे, एवढंच डोक्यात. शिकवताना लक्ष लागेल असं वाटत नाही.
मेंदी सुचवली, सावकाश वाढते म्हणून (हे सांगितलं नाही). लगेच प्रश्न, डोक्याएवढी कधी होईल? अहो, कुंपण कमरेएवढं असतं. तर म्हणतात, धूळ कमरेपाशी थांबते का.

२० जून
कोयनेल ठरली. आज स्वतः सायकल काढून पळस्प्याच्या नर्सरीत गेले! रविवार, बस नसते, म्हणून. नर्सरीवाल्याला विचारलं, लवकर वाढणारं, दाट, गुरं न खाणारं काय? तो म्हणाला कोयनेल, आणि रोपं कशाला घेता, काड्या लावा, धरतात. जवळच्याच एका फार्महाऊसची छाटणी चालू होती, तिथून भारा बांधून आणला. घामाने निथळत होते, माळ्याशी काय बोलणं झालं ते सांगत होते. किती दिवसांनी आपणहून बाहेर पडले. मला इतकं बरं वाटलं की कोयनेलीवर तोंड वाकडं करायचंच राहून गेलं.

२१ जून
लावणी. सुतळी ताणून दोन ओळी, एकाआड एक. कंपनीत स्टोअर्सचा माणूस, सगळं रांगेत हवं. मला हात लावू दिला नाही.
बाहेरची, तारेकडची ओळ सगळी उलटी लावली. फुटव्याचे डोळे जमिनीकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. बोलले नाही. चहा नेऊन दिला, छान झालंय म्हटलं. उलट्या काडीला सहसा मूळ धरत नाही.
सहसा.

२४ जून
रोज बस गेली की ओळीवरून फिरतात. वाकून एकेक काडी बघतात, नखाने साल खरवडतात, आत हिरवं आहे का. काल रात्री म्हणाले, आतली ओळ तरतरीत आहे, बाहेरची का धरत नाही कळत नाही, माझ्या हातालाच काही... वाक्य तिथेच सोडलं. आमटी पुढे ओढली.

२५ जून
हे बँकेत. मी शाळेला अर्धी रजा टाकली, बाहेरची सगळी ओळ उपटली आणि सरळ लावली. कोपरापर्यंत चिखल. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. नको असलेलं कुंपण आपल्याच हाताने लावणारी बाई पनवेलात एकच असेल. पण तो हाताचा विषय मला ऐकवेना. बस्स.
पाठ धरलीय.

१९ जुलै
फुटली. बाहेरचीसुद्धा. यांनी हाताला धरून दाखवायला नेलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" काहीही म्हटलं नव्हतं. पण हसले. एप्रिलपासून पहिल्यांदा. मला रडू आलं, ते आत येऊन.

१४ नोव्हें.
साळवी आले. यांच्याच स्टोअर्समधले, अजून कंपनीत. कुंपण गुडघ्याच्या वर आलंय, त्यावरून लांबूनच ओळखलं यांनी. "नाहीत म्हणून सांग." आणि मागच्या दाराने विहिरीकडे. मी सांगितलं, बाहेर गेलेत. साळव्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल पाहिली, खुर्चीतला चष्मा पाहिला, मान हलवली. भला माणूस. निरोप देऊन गेले, पळस्प्याला एका गोदामावर भरवशाचा माणूस हवाय, मी यांचं नाव सांगितलंय, एकदा येऊन भेटू द्या.
सांगितलं. "बघू."
यांचं बघू म्हणजे नाही. लग्नापासून ऐकतेय.

८ फेब्रु. ९४
भांडण. शेंडे खुडल्याशिवाय कोयनेल दाट होत नाही, हे सगळ्या जगाला माहीत. हे खुडत नाहीत, उंची कमी होते म्हणून. माझा तोल गेला. "लपायचंच आहे ना, मग सरळ भिंत बांधा." बोलून गेले. जीभ चावून उपयोग काय. संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा हे शेंडे खुडत होते.
वर्गात उगाच एका मुलीवर ओरडले आज.

१० जुलै
आता बसचं नुसतं टप दिसतं. पेपर परत व्हरांड्यात आला. हेच हवं होतं ना मला? मग इतकी तगमग का? हे दिवसभर त्या हिरव्याच्या आड, कोणाशी बोलणं नाही. कोयनेलीशीच बोलत असतील.
बेबीबाई बाहेरूनच हाका मारते हल्ली. "बाय, हाय का घरान? काय दिसत नाय." मी आज तिला मुद्दाम आत बोलावलं, चहा दिला. हे उठून गेले.

२० ऑगस्ट
साळवी भाजीबाजारात भेटले. गोदामावरचा आधीचा माणूस टिकला नाही, परत विचारतायत. "उद्या संध्याकाळी येतो वहिनी. या वेळी घरी असू द्या त्यांना." घरी! घरीच तर असतात.
यांना सांगितलं. पेपरचं पान उलटलं.

२१ ऑगस्ट
सकाळपासून छाटणीची कात्री काढून ठेवलीय, कापत नाहीत. दुपारी खुर्ची अंगणात आणली, कुंपणाच्या जवळ, तीत बसले. मला म्हणाले, रस्त्यावर जाऊन बघ. गेले. पावसाने कोयनेल अशी माजलीय, पान न् पान शोधलं, शर्टाचा रंगसुद्धा दिसेना.
"दिसतोय का गं मी?" नुसता आवाज.
"दिसताय."
"स्पष्ट?"
"स्पष्ट."
मग म्हणाले, "बरं."
खरं की खोटं ते विचारलं नाही. आत आले तेव्हा तसेच बसलेले होते, कात्री मांडीवर. मी सरळ स्वयंपाकघरात. खोटं बोलले ते यांना फसवायला नव्हे. दिसावेत म्हणून. त्या बसला दिसावेत, बेबीबाईला दिसावेत, सगळ्या रस्त्याला दिसावेत, आणि काही होत नाही हे यांना कळावं.
लिहितेय तोवर फाटक वाजलं. साळवीच असणार.
मी उठणार नाही. हे बसलेत तिथून फाटक चार पावलांवर.
परत वाजलं.