‘कुठे’ विचारणाऱ्या तीन गाड्या

॥ श्री ॥

डोंबिवली पूर्व,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. कलावतीअक्कास,

धाकट्या विठ्ठलचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे समोर असतीस तर एवढा वाकलो नसतो, कागदावर वाकलो आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसती बाटली सांभाळतेस? इकडे मी आणि विनिता, आम्ही दोघं ठीक. आता दोघंच. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मला बोलू देत नाहीस.

तर आपली अक्षदा शुक्रवारी जर्मनीला सुखरूप रवाना झाली. तीन वर्षं तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून राहणार. लहानपणी तू तिला अंगाखांद्यावर खेळवलंस, म्हणून पोर घरातून कशी निघाली ते तुला सविस्तर कळायला हवं. शिवाय जो काही घोळ झाला तो तुझ्याच नियमामुळे झाला. आदल्या दिवशी तू बजावलं होतंस, की निघताना कोणी कुठेकार घालू नये. घातलाच तर पोरीला परत घरात घ्या, बसवा, दोन घोट पाणी द्या आणि मग सोडा. गुहागरला आपल्या वाडीत हे सोपं होतं. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, ‘लांब निघालात का’ असं विचारायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अक्का, आता गाडी मोबाइलवर बोलवावी लागते, आणि त्या गाडीवाल्यांच्या तोंडचा पहिला शब्दच ‘कुठे’ असतो.

विनिताने गाडी बोलावली. (मोबाइलवर एक इवलीशी गाडी रांगत रांगत आपल्या घराकडे येताना दिसते. मी त्या गाडीकडेच बघत बसतो, म्हणून हे काम माझ्याकडून काढून घेतलं आहे.) बॅगा जिन्यात, अक्षदा देवाला नमस्कार करून उंबऱ्यात, आणि एवढ्यात फोन वाजला. सर, ड्रॉप कहाँ का है? मी गाडी रद्द करायला लावली, पोरीला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दुसरा गाडीवाला मराठी निघाला. म्हटलं, याला तरी आईने शिकवलं असेल. त्याने ‘कुठे’ तर विचारलंच, वर रोख देणार की ऑनलाइन तेही विचारलं. पुन्हा आत, पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. तिसऱ्याचा फोन मी स्वतः गॅलरीत जाऊन घेतला, आणि काय सांगू, त्यानेही तेच विचारलं. माझा जन्म पालिकेच्या पाणी खात्यात गेला, पण पाण्याला एका घरात एवढी मागणी मी कधी पाहिली नव्हती. विनिता घड्याळाकडे बघून हात चोळत होती. विमान चुकलं आणि पोर सोमवारी कामावर हजर झाली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती. अक्षदा मात्र शांत. तिसऱ्यांदा बसवल्यावर तिने सकाळच्या उरलेल्या पोह्यांची बशी मागून घेतली. मी समोर स्टूल ओढून बसलो. ती एक घास स्वतः खायची आणि एक चमचा माझ्यापुढे करायची. गार पोहे मला आवडत नाहीत, पण खाल्ले.

चौथी गाडी शहाडच्या पोपटची. त्याने फोनच केला नाही. खाली गेलो तर डिकी उघडून उभा. विनिताने मोबाइलवर आलेला नंबर त्याला सांगितला, तेव्हा कुठे त्याच्या पडद्यावर उमटलं की विमानतळावर जायचं आहे. ते वाचून तो मागे वळून म्हणाला, “लांब निघालात, ताई.” अक्का, मी त्याला मिठीच मारली असती, पण तोवर पट्टा लावून झाला होता.

तुझ्या घरचा का रे कोणी गुहागरकडचा, असं मी त्याला कौतुकाने विचारलं. तो म्हणाला, तसं काही नाही काका, ‘कुठे’ विचारलं की गिऱ्हाईक रद्द करतं, म्हणून मी विचारणं सोडलं. पण बाकीचे का विचारतात तेही त्याने सांगितलं. विमानतळावर माणूस सोडला, की यांनी गाडी एका मैदानात नेऊन लावायची आणि नंबर लागायची वाट बघत बसायचं. नंबर आला की मिळेल ते भाडं मुकाट्याने घ्यायचं. अर्धा दिवस बसून कधी पार्ल्यापर्यंतचंच मिळतं. कल्याणच्या बाजूचं मिळालं तर पोपट रात्री शहाडला घरी जेवतो, नाहीतर डबा गाडीतच उघडतो. “तुम्हाला ‘कुठे’ नको असतं, काका,” तो म्हणाला. “आम्ही घरी कधी पोचणार, ते त्याच्यावरच असतं.” मला त्या रद्द केलेल्या गाड्यांचं फार वाईट वाटलं.

मी पुढे बसलो होतो, मायलेकी मागे. शिळफाट्याच्या गर्दीत मी सारखी मान वळवून मागे बघत होतो, शेवटी कंबरेने साफ नकार दिला. पोपटने माझ्यासमोरची ऊन अडवायची पट्टी खाली ओढली. त्या पट्टीला आतून आरसा असतो. ऊन तर मागून येत होतं, अक्का. मग मी त्या आरशातून पोरीकडे बघत राहिलो. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, अगदी शाळेतून दमून आल्यावर झोपायची तशी. (ऐरोलीला एका पेट्रोल पंपावर थांबावं लागलं. एवढं पाणी प्यायल्यावर आणखी काय होणार!)

विमानतळावर आपल्याला आत सोडत नाहीत. दाराशीच तिने आमच्या पाया पडून घेतलं, सामानाची गाडी ढकलत निघाली, आणि ती भलत्याच दाराकडे चालली आहे असं मला वाटलं. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “अगं, कुठे निघालीस?” सगळी रांग वळून बघायला लागली. विनिताने कपाळावर हात मारला. अक्षदा परत आली. भर गर्दीत तिने बॅग आडवी केली, तिच्यावर बसली, आईच्या पिशवीतली बाटली काढली आणि माझ्याकडे बघत सावकाश दोन घोट प्यायली. मग उठून म्हणाली, “झालं पाणी, बाबा. येते मी.” मला भडभडून आलं. आपली आई गेली तेव्हाही मी लोकांसमोर एवढा रडलो नव्हतो.

परतायला पुन्हा मोबाइलवरच गाडी बोलावली. त्याचाही फोन आला, कहाँ जाना है? मी नुसतं “घर, घर” म्हणत राहिलो. शेवटी विनिताने फोन घेऊन डोंबिवली म्हणून सांगितलं.

वाडीतल्या मोठ्यांना नमस्कार सांग. लहान कोणी तिथे उरलं असेल तर त्याला आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल

ता. क. : पत्राचं खरं काम राहूनच गेलं. पोरीची खोली रिकामी आहे. तू आता चार महिने इकडे राहायला ये. गुहागरची एसटी ठाण्यात खोपटला येते, तिथे मी उभा असेन. पुढची गाडी विनिता बोलवेल.

आणखी एक ता. क. : विनिताने पत्र वाचलं आणि खरं काय ते लिहा म्हणाली. तर खरं असं, की तिसऱ्या गाडीवाल्याने काहीच विचारलं नव्हतं. तो बिचारा “खाली आलोय” एवढंच म्हणाला होता. फोन स्पीकरवर राहिला होता, त्यामुळे ते विनिताला स्वयंपाकघरातही ऐकू आलं होतं. आणि ती म्हणते, अक्षदालाही ऐकू आलं होतं, म्हणून तर तिने पोहे मागितले.

शेवटचं : विमानतळाच्या दाराशी माझ्या तोंडून चुकून निघालं असं वर लिहिलं आहे, ते तसंच राहू दे. तू मात्र ये. आणि परत जायला निघशील ना, तेव्हा कुठेकार मीच घालणार आहे. पाणी भरून ठेवतो.