शंभर नॅनोसेकंदांची दोरी

२ मार्च
लेसर विभाग आजपासून माझ्याकडे. वेळेवर दिला म्हणायचा, फक्त बारा वर्षं उशीर झाला.
काम तसं सोपं आहे. गोल नळीतून आयनांची झुंड पळते, प्रत्येकाची चाल वेगळी. समोरून लेसरच्या अतिशय छोट्या पल्स मारायच्या. छोट्या पल्सची खुबी अशी, की ती सुसाट पळणाऱ्यालाही धरते आणि रेंगाळणाऱ्यालाही. सगळे एका चालीवर आले की झुंड थंड झाली. पडद्यावरच्या आलेखाची पसरट टेकडी सुईसारखी होते. एप्रिलअखेर सुई दाखवतो, असं मोठ्या साहेबांना सांगून टाकलं.

५ मार्च, सकाळी ९
संकल्प: शिस्त. सुरुवात साफसफाईने.
कंट्रोलच्या कपाटामागे काळ्या केबलचं हे भलंमोठं वेटोळं. एका पेटीतून निघायचं, वीस मीटर फिरायचं आणि शेजारच्या पेटीत शिरायचं. आमच्या जुन्या तंत्रज्ञाची, आप्पांची कामं. हातभर नवी केबल लावली, वरून पांढरा पत्रा ठोकला. छान दिसतं.
वेटोळ्यावर आप्पांनी चिठ्ठी चिकटवली आहे. ते सगळ्याच वस्तूंवर चिकटवतात. वाचत बसलो तर काम कधी करणार?

६ मार्च
केबल घरी आणली. बाल्कनीत चार फेऱ्या मारून कपडे वाळत घालायची दोरी केली. बायको म्हणाली, ऑफिसातून पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं आणलंस.

१० मार्च
आप्पा रजेवरून आले. काकूंचा पाय अजून उचलत नाही म्हणाले. आप्पा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, दर वर्षी मुदतवाढ मिळते. घरी बसलो तर दोन पेशंट होतील, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवलं. अर्थात मी पटकन शिकलो.
मागे कुणी काही हलवलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. हलवलं नव्हतंच, सुधारलं होतं.
तू म्हणतोस म्हणजे नसेलच, म्हणाले आणि आरसे पुसायला गेले.

८ एप्रिल
सुई नाही. टेकडी जशीच्या तशी.

१९ एप्रिल
टेकडी.
आप्पांनी आरसे चौथ्यांदा जुळवले. हात थरथरतो त्यांचा. पूर्वी थरथरायचा का? आठवत नाही. म्हणजे नसावा.

२९ एप्रिल
मोठ्या साहेबांनी कारण लेखी मागितलं. मी रिपोर्टमध्ये सौम्य भाषा वापरली: ‘आरशांच्या जुळवणीत वयोमानाने येणारी अचूकतेची मर्यादा.’ कुणाचं नाव नाही. आरसे एकच माणूस जुळवतो, त्याला मी काय करणार?

६ मे
आप्पांची मुदतवाढ झाली नाही. समारंभ नको म्हणाले. जाताना प्रत्येक आरशावर टोपी घातली. मला म्हणाले, काही अडलं तर फोन कर.
त्यांना विश्रांतीची गरज होतीच. एका अर्थी मी त्यांचं भलं केलं.

१७ मे
नवे आरसे, नवा माणूस, स्थिर हात. टेकडी.

२१ मे, संध्याकाळी ६
आभाळ भरून आलं म्हणून कपडे काढत होतो. चष्मा डोळ्यांवर होता. चादरीखाली केबलवरची चिठ्ठी दिसली.
‘ही केबल लांब आहे म्हणून काढू नये. लांब आहे म्हणूनच पल्स शंभर नॅनोसेकंद थांबते आणि आयनांना गाठते. शंका असल्यास मला विचारा.’
खाली तारीख आणि आप्पांची सही.
अडीच महिने आमची पल्स आयन यायच्या आधीच निघून जात होती.
बायकोने विचारलं, काय झालं. सांगितलं. तिने कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, त्यांना जाऊन सांग.

२२ मे
चिठ्ठी सोडवून खिशात ठेवली. केबल जागेवर लावली. अकरा मिनिटांत सुई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय बदललं, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. बारीकसारीक जुळवणी, म्हणालो. आधी आप्पांना सांगणं योग्य, म्हणून. नंतर साहेबांना लेखी.

२३ मे
उद्या जातो.

२६ मे
रविवारी निवांत बोलता येईल.

३० मे
गेलो. काकू खुर्चीत होत्या. आप्पांनी स्वतः चहा केला, अर्धा बशीत सांडला. सुई दिसल्याचं त्यांना कळलं होतं. फार खूश होते.
म्हणाले, “म्हणजे चूक आरशांतच होती. माझ्याच हाताची. तू वेळेवर लिहिलंस ते बरं केलंस, मला कुणी बोललं नसतं.”
खिशात हात घातला. चिठ्ठी बोटांना लागत होती. चहा पिऊन झाला तरी हात खिशातच.
मग त्यांनी आतून सोल्डरिंगची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. आता घरातल्या मिक्सरलाही हात लावत नाही म्हणाले, भरवसा वाटत नाही. तूच वापर.
नको म्हणायला हवं होतं. घेतली.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, सांगितलंस का. मी हो म्हणालो. ती बरं म्हणाली आणि ओले कपडे खुर्च्यांवर पसरत राहिली.
पेटी उघडली. आत प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आहे. एकीवर लिहिलंय, ‘हा चिमटा त्याला द्यायचा, त्याच्या हाताला बसतो.’ तारीख बारा वर्षांपूर्वीची.
मला रडू आलं. चष्मा पुसून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.