सॅमीच्या काडेपेट्या

१५ डिसेंबर, भिवपुरी

नाताळापर्यंत रोज एक उघडायची म्हणून आईने यंदाही खाऊच्या चोवीस काडेपेट्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. सम तारखा माझ्या, विषम सॅमीच्या. माझा धाकटा भाऊ सॅमी जूनमध्ये चौक गावाजवळ अपघातात गेला, तरी वाटणी तीच. आज त्याची पेटी उघडायला गेले तर आई ओरडली, "हात नको लावू गं, ती त्याची हाय!"

संतापच आला. गेलेल्याला खाऊ, आणि माझ्याशी चार शब्द नाहीत? ती चर्चला गेल्यावर त्याच्या आजवरच्या आठही पेट्या उघडल्या. सगळ्या रिकाम्या. मग ओरडली कशाला?

माझ्या पेटीत दरवर्षी चिक्कीचा एकच तुकडा असायचा. यंदा दोन निघतात. चुकून पडले असतील म्हणत मी दोन्ही खात आलेय.