नव्वद सेकंदांचं वादळ

६ ऑक्टो. ८७
शेठ येऊन गेले. स्टँडजवळ त्यांची व्हिडिओ गेमची तीन मशिनं आहेत, चौथ्यात माझा गेम घालू म्हणतात. उभ्या उभ्याच खेळले. लाँच बंदराबाहेर काढली, मासळी भरली, ढग दिसल्यावर परत आणली. पुन्हा बाहेर. मग घड्याळ बघितलं. "मॅडम, एका टोकनात वीस मिनिटं? मी काय धर्मशाळा उघडलीय?"
चहाही अर्धाच प्यायले. डोकं फिरलं माझं. पण गेम कॅसेटवर भरून विकून बघितलाय. एक विकली की अख्खं टेक्निकल स्कूल कॉपी करून घेतं. माझेच विद्यार्थी, मेले.

७ ऑक्टो.
शेठचं म्हणणं, दीड मिनिटात लाँच गेलीच पाहिजे. खेळणारा हुशार असो नाहीतर ठोंब्या. मग तो दुसरं टोकन टाकतो. मी म्हटलं, वेळेत फिरला तर का जाईल? "त्याला काय कळतंय?"
आबांना कळेल. माझे वडील, तेवीस वर्षं लाँचीवर तांडेल होते. गेममधले ढग, वारा, सगळं त्यांना विचारून केलंय. शेवटी पडद्यावर 'खेळ संपला' येतं. 'बुडाली' लिहिलं नाही. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही, आबांचा भाऊ बाळाकाका वादळात लाँचीबरोबर गेल्यापासून. लाँच आबांची, सुकाणूही आबांच्या हातात. एकटे पोहत आले. वेळेत फिरवली होती म्हणतात. जेटीवर दत्ताराम, तोही जुना तांडेल, अजून सांगत असतो, उशीर केलान. आबांनी जेटीवर जाणं सोडलं.

११ ऑक्टो., रवि.
केलं एकदाचं. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ. नव्वद सेकंद झाले की वादळ, लाँच कुठेही असो. निळी कॅसेट माझी, जुनी; ही लाल शेठची. लाज वाटतेय. देवरूखला एकजण तासावर भाडं घेऊन गेम खेळू देतो, त्याला निळी चालेल. पण तो देणार किती.

१३ ऑक्टो.
घोळ झाला. लाल कॅसेट कॉम्प्युटरला जोडलेल्या टेपरेकॉर्डरमध्येच राहिली. शाळेतून आले तर आबा टीव्हीसमोर, पडद्यावर वादळ.
"मी येळेवर फिरवलेली व्हती गो."
"हो आबा."
"तरी?"
"तरी."
परत लावलंनी. पहिला ढग दिसताच फिरवली. गेली. पाच वेळा तेच. मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.
निळी खेळताना ते रोज सुखरूप पोचायचे आणि तोंड पाडून उठायचे. मला वाटायचं, कंटाळतात. वेळेत फिरलं की पोचता येतं, हे मीच त्यांना रोज दाखवत होते.
जेवताना कालवण दोनदा घेतलंनी. म्हणाले, बाळ्याला तिखट लागायचं. त्याचं नाव किती वर्षांनी.

१५ ऑक्टो.
आबा जेटीवर जाऊन आले. जाळी विणणाऱ्यांत बसले म्हणे. रविवारी दत्तारामला बोलावलंय. "माझ्या चेडवान मशिनीत दाखवलान हा, म्हटलं. येऊन बघ."


१७ ऑक्टो.
आज विचारलंनी, "ह्या वादळ कशावर येता गो?"
वाऱ्यावर, म्हटलं. खोटं बोलले. ते घड्याळावर येतं, टोकनासाठी येतं. दत्ताराम दोनदा खेळला तरी ओळखेल, मग जेटीवर काय सांगेल? निळी लावावी तर आबा सुखरूप पोचणार, त्याच्यादेखत. वादळ कधी येईल, कधी नाही, असं करून पाहिलं सकाळपासून. मग आबांच्या पाळीला आलंच नाही तर?
शेठचा निरोप: सोमवारी लाल कॅसेट हवी, पैसे हातात.

१८ ऑक्टो., रवि., ४ वाजता
टीव्ही तापलाय. दोन्ही कॅसेटी माझ्या मांडीवर. आबांनी धुतलेला सदरा घातलाय, पायरीवर उभे आहेत. दत्ताराम वळणावर दिसतोय. आबा आत वाकून म्हणाले, "लाव गो बाय, तो इलो."