चांदीची साखळी मोडून टाकण्याबाबत

मी, भागीरथी धर्मा घुडे, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे चित्त ठिकाणावर आहे. डॉ. योगिनी हरड यांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करायला घरात फारसे कोणी उरलेलेही नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व मिळकत थोरला मुलगा सुदाम याला दिली होती. सुदाम माझ्याआधी गेला, म्हणून ते रद्द समजावे. अशा आईला कायद्यात काय म्हणतात, असे मी वकिलांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचे लिहायला घेतले.

१. राहते घर, मुलांनी हक्कसोड करून माझ्या नावे केलेले, धाकटी सून दिशा हिला द्यावे. धाकटा मुलगा प्रणित याला देऊ नये. यात राग नाही. कारण कलम तीनमध्ये लिहिले आहे.

२. रस्त्यालगतची भातजमीन सुदामची बायको रुपा हिला द्यावी. ती आता खर्डीला माहेरी राहते, तिला कशाला, असे लोक म्हणतील. म्हणू द्यावे.

३. चांदीची साखळी. आमच्या घरात कर्त्या पुरुषाच्या गळ्यात ही साखळी असते. गळा भरला आणि ती बसेनाशी झाली, की म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत सोनाराकडून एक कडी वाढवून घेतात. त्या दिवशी घरी मटण शिजते. आमची माणसे बैलांच्या व्यापारातली. मान जाड तो बैल कामाचा, हा हिशेब त्यांनी स्वतःलाही लावला.

माझे मालक धर्मा एका अंगाने लुळे पडून गेले. बाहेरचे काही असेल म्हणून भगत आणला होता. पुढे सुदाम पायात काटा मोडला म्हणून दवाखान्यात गेला, तेव्हा याच हरड डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्याला टेप लावली. घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "जाड गळा हा आजार नाही, पण खूण आहे. अशा माणसाला रक्तदाबाचा, हृदयाचा, लकव्याचा धोका जास्त असू शकतो. तपासून घ्या."

माझे दीर रघू सोबत होते. भरल्या दवाखान्यात ते म्हणाले, "आमी मान बघून बैल घेतो, आन ही बाय मान बघून मानूस मोडीत काढते." सगळे हसले. सुदामही हसला आणि काटा काढून घेऊन घरी आला.

त्याच वर्षी खळ्यावर भाताचा भारा उचलताना त्याचे तोंड वाकडे झाले. वाचा गेली. कल्याणला नेईतो माझे लेकरू गेले.

दिवसकार्य झाल्यावर साखळी प्रणितच्या गळ्यात घातली. यंदाच्या जत्रेआधी तो हसत आला. "आये, बसत नाय आता. कडी टाकाय पायजे." मी साखळी घेतली, कणगीत भातात खोल पुरली आणि म्हटले, "आधी डॉक्टरीणबायकडं चल."

"गळ्यानं कोन मरतं गो? दादा त्याच्या नशिबानं गेला."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. ताट वाढले की जेवतो. मी पाया पडले, तोही उपाय करून झाला. दिशा मला म्हणाली, "आत्या, झोपेत यांचा श्वास थांबतो. हलवलं की येतो. मला डोळा लावाय भ्याव वाटतं." नवऱ्याची अशी राखण करणाऱ्या बाईला निदान छप्पर तरी तिच्या नावाचे असावे, म्हणून घर तिला.

साखळी मोडावी आणि त्या पैशांत रक्तदाब मोजायचे यंत्र घ्यावे. कडी वाढवण्याच्या नावाने कोणी मटण शिजवले, तर तो माझ्या तळतळाटाचा धनी होईल.

४. नांगर, जू आणि बैलांच्या घुंगुरमाळा रघूभावजींना द्याव्यात. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी सोबत नेणार आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणतात. रघूभावजींनी मात्र शब्द न् शब्द वाचून मगच सही करावी.

५. वकिलांनी विचारले, "प्रणित तुमच्याआधी मयत झाल्यास काय लिहू?" सुदामच्या वेळी हेच विचारले होते, तेव्हा मी त्यांना वेड्यात काढले होते.

माझा रक्तदाब चांगला आहे. माझा गळा चिमणीएवढा आहे. मी पुष्कळ जगेन असे डॉक्टरीणबाई कौतुकाने सांगतात, आणि मला त्याचीच धास्ती आहे.

प्रणितला मी काही देत नाही. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचे आहे. ते त्याने स्वतः वाचावे, एवढेच मला हवे आहे. तसे होईल असे मला वाटत नाही. तो नसेल तर दिशाने वाचावे. हे पाचवे कलम तेवढे तिने वाचायचे सोडून द्यावे.

लिहून देणार: भागीरथी धर्मा घुडे (सही)

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

साक्षीदार:
१. रघू बाळू घुडे, वैशाखरे. सगळे वाचले. (सही)
२. डॉ. योगिनी हरड, मुरबाड (सही)

ठिकाण: मुरबाड
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५